टाकी सहा चौरस फुटांची, भांडण बांधाचं

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवणला थांबून आपण उजनीची जी चिलापी तळून खातो, ती सिक्लिड आहे. गोव्यात ताटात येणारी काळुंदर हीसुद्धा सिक्लिड, आणि केरळात केळीच्या पानात गुंडाळून भाजलेलं करिमीन म्हणजे तीच काळुंदर. दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना समोरच्या काचेत झालरी सांभाळत संथ फिरणारा एंजलही सिक्लिडच. दुकानात मात्र सिक्लिड म्हटलं की एकच पिशवी पुढे येते: निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे आफ्रिकन मासे, 'मिक्स, डझनाच्या भावात'. काही दुकानांत त्यांना सिचलिड म्हणतात. नावाने काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या 'मिक्स' शब्दाने.

ज्यांच्या घरी चार फुटी टाकी आली आहे किंवा येऊ घातली आहे, आणि जे येत्या रविवारी मासे आणायला निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी पहिली विनंती अशी की या रविवारी जा, बघा, विचारा, आणि रिकाम्या हाताने परत या.

मी तसा परत आलो नव्हतो. कोजागरीच्या सुमारास तीन फुटी टाकीत बारा 'मिक्स आफ्रिकन' सोडले होते. सगळे दीड-दोन इंचांचे, सगळे गोड. त्यांत एक सोनेरी अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला होता, आणि घरातल्या सगळ्यांचा तो लाडका झाला. दिवाळीनंतर तो काळपट व्हायला लागला, तेव्हा आम्हाला वाटलं आजारी आहे. औषधही घातलं. गुढीपाडव्याला टाकीत दोनच मासे उरले होते: हा आता जवळजवळ काळा झालेला 'आजारी' मासा, आणि हीटरच्या मागे उभा राहून दिवस काढणारा एक पिवळा, ज्याच्या शेपटीच्या जागी चिंध्या होत्या. काळा होणारा तो ऑरेटस जातीचा नर होता. वयात आल्यावर त्यांचे नर असेच गडद होतात. तो आजारी नव्हता, त्याने सगळी टाकी नावावर करून घेतली होती. घरगुती टाकीत येणाऱ्या, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांमध्ये ऑरेटसइतका खुनशी मासा विरळा, हे मला नंतर कळलं. दुकानदाराला ते आधीपासून माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. मीही त्याला विचारून मासा घेतला नव्हता.

सिक्लिड का भांडतो, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. तो जमिनीसाठी भांडतो. तळाचा एक तुकडा, एक कपार, एका दगडाची आडोशाची बाजू ही त्याची शेती. तिथे तो चरतो, मादीला बोलावतो, पिल्लं वाढवतो. बांधावर कुणी पाय ठेवला की अंगावर जातो. आणि आपल्या गावात जसं असतं तसंच तिथेही आहे: बांधाचं खरं वैर परक्याशी नसतं, भावकीशी असतं. वेगळ्या जातीचा, वेगळ्या अंगकाठीचा, वेगळ्या रंगाचा मासा शेजारून गेला तर तो एखाद वेळी दुर्लक्ष करील. पण आपल्यासारखाच दिसणारा नर म्हणजे आपल्या शेतावर आणि आपल्या माद्यांवर हक्क सांगणारा, एवढं त्याला पक्कं कळतं. 'कोणता मासा कोणाबरोबर चालेल' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. टाकीत जमीन किती आहे आणि भावकी किती आहे, ते मोजा.

जमीन मोजणं सोपं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी आपल्याकडे मध्यम मानतात. तिचा तळ सहा चौरस फुटांचा, पाणी काठोकाठ भरलं तर साधारण २५५ लिटर. वाळू-दगड घातल्यावर त्याहून कमी. दुकानात 'अडीच फूट उंच घ्या, हॉलमध्ये उठून दिसते' असा आग्रह होतो. उंचीने जमीन वाढत नाही. तेवढ्याच पैशांत लांबी किंवा रुंदी वाढवून मिळत असेल तर ती घ्या. आणि टाकी ठेवायची जागा आधी बघा, कारण पाणी, काच, दगड मिळून तीन क्विंटलच्या पुढे वजन जातं. जुन्या शोकेसवर ती ठेवू नका.

आता पाणी. पीएच तपासायचं थेंबांचं किट दुकानात मिळतं, ते घ्याच. पण त्याआधी स्वयंपाकघरात विचारा. आपल्या नळाच्या पाण्यात तूरडाळ मुकाट शिजते का? साबणाला फेस येतो का? बादलीच्या आतून पांढरा थर धरतो का? डाळ शिजायला कुरकुरत असेल आणि थर धरत असेल तर पाणी जड आहे. बोअरचं पाणी बहुतेक असंच असतं. धरणाचं, पालिकेचं पाणी त्या मानाने मऊ. दख्खनच्या बोअरवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण मलावी सरोवराचं पाणी जवळपास याच वळणाचं आहे: पीएच साधारण ७.७ ते ८.६. उलट अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले मासे मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. म्हणून दोन खंडांचे सिक्लिड एका टाकीत घालू नका. एकाला दुसऱ्याचं पाणी मानवत नाही, आणि भांडणाची भाषाही दोघांची वेगळी. आफ्रिकन मासा रोजच ढकलाढकली करतो, त्याला तो खेळ वाटतो. एंजलचा त्यात जीव जातो.

पाणी बदलून मासे ठेवण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे आणणं शहाणपणाचं. मऊ पाणी जड करायचं असेल तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवता येतो, ते फारसं अवघड नाही. जड पाणी मऊ करायचं म्हणजे दर आठवड्याला आरओच्या पाण्याचे कॅन वाहणं. पहिले तीन महिने माणूस ते हौसेने करतो.

एवढं समजून घेतल्यावर मग मासे. चार फुटी टाकीसाठी मला जे मार्ग दिसतात, त्यांतला सगळ्यात रंगीत मार्ग मलावीच्या खडकावरच्या माशांचा. तिथले लोक त्यांना 'म्बुना' म्हणतात. हे मासे काठाच्या खडकांवर राहतात आणि खडकांवरचं शेवाळ खरवडून खातात. इथे एक उलटा हिशेब आहे, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. दोन म्बुना ठेवले तर एक मरतो. सहा ठेवले तर हळूहळू एकच उरतो. पण अठरा-वीस ठेवले तर मार वाटला जातो. एकाच्याच मागे लागून राहायला मारकुट्याला फुरसत मिळत नाही. म्हणून म्बुनाची टाकी मुद्दाम भरलेली ठेवतात. मात्र त्याची किंमत असते. वीस माशांची घाण उपसणारा दणकट फिल्टर लागतो, शक्यतो दोन, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा चालू राहील. आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं, पाहुणे आले, परीक्षा आल्या, काहीही झालं तरी. हे जमणार नसेल तर म्बुना आणू नका. पाचच आणून 'कमी ठेवू, मग कमी भांडतील' असा विचारही करू नका, तो सर्वांत वाईट.

जाती कोणत्या? इलेक्ट्रिक यलो हा पिवळाधमक मासा म्बुनांत सर्वांत सरळ स्वभावाचा. त्याच्याबरोबर रस्टी, म्हणजे तांबूस-जांभळ्या झाकेचा, तोही शांत. तिसरा एसीआय, निळसर अंग आणि पिवळी शेपटी. हा कळपाने वरच्या-मधल्या पाण्यात फिरतो, म्हणून तळाच्या वादात फारसा पडत नाही. तिन्हींचे रंग वेगळे, अंगकाठी वेगळी, त्यामुळे भावकी लागत नाही. प्रत्येकी सहा-सात पिल्लं एकदम आणा. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत; मोठे झाल्यावर एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असं बघून जादा नर परत करायचे.

लाल झेब्रा सुंदर असतो, पण इलेक्ट्रिक यलोशी त्याचा संकर होतो आणि दोन वर्षांत टाकीत कुठल्याच जातीचे न राहिलेले फिकट नारिंगी मासे दिसू लागतात. मलावी किंवा व्हिक्टोरिया सरोवरातल्या कित्येक जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की माद्या आपला नर मुख्यतः रंगावरून ओळखतात. व्हिक्टोरियाचं पाणी जिथे गढूळ झालं तिथे रंग दिसेनासे झाले आणि जाती एकमेकींत मिसळत गेल्या, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. आपल्या टाकीत पाणी स्वच्छ असतं, पण मादीला हवा तो नर दुकानदाराने दिलेलाच नसतो. ती करणार काय! म्हणून 'मिक्स'ची पिशवी घेऊ नका. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ऑरेटस नको, हे मी सांगायला नको. केनयीही नको. त्याच्यात उलटं असतं: माद्या निळ्या, नर मोठा होऊन पिवळा होतो, आणि मग टाकीत दुसरं पिवळं काही शिल्लक ठेवत नाही. डेमासोनी हा निळ्या-काळ्या पट्ट्यांचा छोटा मासा फार लोभस, पण स्वतःच्या जातीशी त्याचं इतकं वैर की ठेवायचे तर डझनभर तरी हवेत. पहिल्या टाकीसाठी तो नाही. पीकॉक, म्हणजे मलावीचेच मोरपंखी रंगाचे मासे, म्बुनांच्या धसमुसळेपणात दबून जातात आणि त्यांचा रंगच उतरतो. पीकॉक आवडत असतील तर त्यांची टाकी वेगळी करा; हवं तर फक्त इलेक्ट्रिक यलो त्यांच्यात चालतो.

म्बुनांना खायला काय घालता याचाही भांडणाइतकाच विचार करा. शेवाळ खाणाऱ्या माशाचं आतडं लांब असतं. त्याला रोज किडे, गोठवलेली रक्तअळी, स्वस्तातलं प्रथिनांचं खाद्य घातलं की पोट फुगतं आणि मासा मरतो. स्पिरुलिना असलेले दाणे द्या, थोडे थोडे, दोन वेळा. उकडून सोललेला मटार द्या. 'बिचारा भुकेला दिसतो' म्हणून घातलेली चिमूट त्याला मारते. सिक्लिड नेहमीच भुकेला दिसतो.

दगडांबाबत आपण भाग्यवान. सह्याद्रीचा काळा पाषाण फुकट आणि उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. पण रचताना दगड वाळूवर ठेवू नका. आधी दगड थेट तळावर, खाली थर्माकोल किंवा रबराचा तुकडा घालून, आणि मग भोवती वाळू. हे मासे सतत उकरतात. वाळूवर रचलेला ढीग एके दिवशी काचेवर येतो. कुठल्या दगडात चुना आहे याची शंका आली तर त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुना आहे, म्हणजे मलावीला चालेल, एंजलला नाही. कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात आणि रचना अशी हवी की या टोकाच्या माशाला त्या टोकाचा सरळ दिसू नये. जे दिसत नाही त्याच्याशी भांडण होत नाही.

नळाला मऊ पाणी असेल, किंवा रोजची ढकलाढकली बघायची तुमची तयारी नसेल, तर दक्षिण अमेरिकेकडे वळा. इथे हिशेब पुन्हा बदलतो. मलावीच्या माशांत मादी अंडी तोंडात घेऊन साधारण तीन आठवडे न खाता फिरते आणि नराला संसाराशी देणंघेणं नसतं. अमेरिकेतल्या बहुतेक सिक्लिडांत नर-मादी जोडी लावतात आणि दोघं मिळून अंडी-पिल्लं राखतात. कौतुकाने बघत बसावं असं ते दृश्य असतं, पण ते फक्त काचेच्या बाहेरून. आत राहणाऱ्यांना ती जोडी अर्धी टाकी बंद करून टाकते. कन्व्हिक्ट हा कैद्यासारखे उभे पट्टे असलेला मध्य अमेरिकेचा मासा स्वस्त आणि काटक म्हणून सगळीकडे मिळतो. त्याची एक जोडी चार फुटी टाकीतल्या बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंबते, वर दर महिन्या-दीड महिन्याला पिल्लांची नवी फौज. पिल्लं द्यायची कुणाला हा प्रश्न तुमच्याकडे पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी घेतील. तिसऱ्यांदा शेजारी दार उघडणार नाहीत.

अ‍ॅमेझॉनच्या टाकीसाठी मी असं सुचवीन. सहा लहान एंजल आणा. वाढताना त्यांच्यात आपोआप एखादी जोडी लागते. ती लागली की बाकीचे चौघे परत करा, कारण त्यानंतर त्यांची धडगत नाही. एंजल मध्ये-वर फिरणारा, म्हणून तळ मोकळा राहतो. तिथे रॅम या छोट्या सिक्लिडची एक जोडी शोभते. रॅमला पाणी थोडं गरम, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, मऊ आणि अगदी स्वच्छ हवं. जड पाण्यात एंजल निभावून नेतो, कारण बाजारातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या चेन्नई-कोलकात्याकडच्या हौदांत जन्मलेले असतात. रॅम मात्र निभावत नाही. सोबतीला आठ-दहा मोठ्या अंगाचे टेट्रा आणि तळ चिवडणारे सहा कोरिडोरस. निऑन टेट्रा घालू नका. नाण्याएवढा एंजल निऑनबरोबर सहा महिने गुण्यागोविंदाने राहतो, आणि मग एका सकाळी निऑन मोजताना कमी भरतात. एंजलने काही वाईट केलं नाही. निसर्गात तो तेच खातो.

एंजल नको आणि अंगाने भरलेला मासा हवा, तर इलेक्ट्रिक ब्लू अकारा बघा. वीतभरापेक्षा लहान राहतो, निळा झळाळता रंग, स्वभाव बराच समंजस. मोठ्या माशाची हौस आहे पण ऑस्करएवढी जागा नाही, अशा घरांत हा शोभतो.

ऑस्कर. यावर लोक माझ्याशी वाद घालतात. दोन इंचांचा ऑस्कर दुकानात मान वळवून आपल्याकडे बघतो, बोटामागे येतो, आणि मुलं 'हाच' म्हणतात. वर्ष-दीड वर्षात तो फूटभराचा होतो. चार फुटी टाकीत एक ऑस्कर म्हणजे टाकी भरली. सोबत कुणी नाही. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा. तो मुळात निसर्गातला मासाच नाही, १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला आहे. त्याच्या कपाळावरचा उंचवटा घरात लक्ष्मी आणतो असं सांगून तो विकतात. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही; विजेचं बिल आणतो. एकटा मोठा मासा ठेवणं यात कमीपणा काहीच नाही. माणूस ओळखणारा, दाणे मागायला काचेशी येणारा एक ऑस्कर वीस घाबरलेल्या माशांपेक्षा बघायला बरा. फक्त एकदा ठरवलं की त्याच्याबरोबर 'शार्क' घालू नका. दुकानातला तो बोटभर चंदेरी शार्क म्हणजे पंगास, हॉटेलात बासा म्हणून जो ताटात येतो तोच. मीटरभराच्या वर वाढतो.

तसाच 'सकर'. 'घ्या साहेब, तळ साफ ठेवतो' या एका वाक्यावर देशात किती सकर विकले गेले असतील! सकर माशांची विष्ठा खात नाही. स्वतः मात्र भरपूर करतो, आणि दीड फुटापर्यंत वाढतो. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिस्टलनोज मागा, तो चार-पाच इंचांवर थांबतो. तळ साफ करण्याचं काम नळी घेऊन आपणच करायचं.

आणखी एक मार्ग आहे, त्याची आपल्याकडे कुणी जाहिरात करत नाही. आफ्रिका-अमेरिकेचं कौतुक चाललेलं असताना भारतीय उपखंडाचे स्वतःचे सिक्लिड तीनच आहेत, आणि तिन्ही दक्षिणेतले. काळुंदर त्यांतली मोठी, ती वीतभराच्या पुढे जाते, म्हणून मध्यम टाकीची नाही. पण नारिंगी क्रोमाइड तीन इंचांच्या आसपास राहते. अंग पिवळं-केशरी, कडेवर एक काळा ठिपका, स्वभाव मवाळ, जड पाणी आवडतं, त्यात थोडं समुद्री मीठ असेल तर जास्तच खुलते. आठ-दहांचा कळप चार फुटी टाकीत सुखाने नांदतो. यांची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, अगदी डिस्कस नावाच्या सिक्लिडच्या पिल्लांसारखी; आणि हे मासे काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी टिपून साफ करताना दिसले आहेत. डिस्कससाठी हजारो रुपये मोजणाऱ्या माणसाला हेच दृश्य केरळच्या कायलातल्या, म्हणजे बॅकवॉटरमधल्या, माशात बघायला मिळतं. दुकानात नसली तर मागवायला सांगा. मागणारेच नाहीत म्हणून ती येत नाही.

टांगानिका सरोवराच्या शंखात राहणाऱ्या इवल्या माशांबद्दल लिहायचा मोह होतो आहे, पण त्यांना दोन फुटी टाकीही पुरते आणि आपला विषय चार फुटीचा आहे.

आता त्या रविवारबद्दल. टाकी भरली, फिल्टर लावला, म्हणजे ती तयार झाली असं नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर विरजण लावा: कुणा मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज न धुता आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. आणि एकदा वस्ती बसली की तो स्पंज नळाखाली धुऊ नका. पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंनाही मारतो. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या.

दुकानात उभं राहून तीन गोष्टी विचारा. याचं नाव काय? पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो? मोठा झाला, भांडला, तर परत घ्याल का? पहिल्या प्रश्नाला 'आफ्रिकन आहे' असं उत्तर आलं तर पुढचे दोन विचारू नका. रंगवलेले पॅरट सिक्लिड घेऊ नका. निळा, जांभळा पॅरट जन्माला येत नाही, त्याला तसं केलेलं असतं.

म्बुना एकदम सोडा, निदान एकाच आठवड्यात. एकेक करून घातलात तर आधी आलेला जमीनदार होतो आणि नंतरचे कुळं. पुढे कधी नवे मासे घालायची वेळ आली तर त्या दिवशी दगडांची मांडणी मोडून नव्याने रचा. जुने बांध पुसले गेले की सगळ्यांनाच पहिल्यापासून मोजणी करावी लागते आणि नव्याला संधी मिळते. दिवे रात्री बंद केल्यावर सोडणं आणखी बरं.

मग बघत राहा. पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, हीटर किंवा नळीच्या आड कुणी दिवसभर उभा असेल, दाण्यांना येत नसेल, शेपटीचे काठ कुरतडलेले असतील, तर त्याला मार बसतो आहे. मार खाणारा बाजूला काढू नका, तो काढला की मारकुटा दुसरा शोधतो. मारकुटा काढा. जाळीदार प्लास्टिकची टोपली टाकीत तरंगती बांधा आणि त्याला चार दिवस तिच्यात ठेवा. तेवढ्यात बाकीचे त्याची जमीन वाटून घेतात आणि बाहेर आल्यावर त्याला खालून सुरुवात करावी लागते. दोनदा तुरुंगात जाऊनही सुधारला नाही तर त्याला दुकानात परत करा, दया दाखवू नका. मी त्या ऑरेटसवर दया दाखवली होती.

वीज गेली की भरलेल्या टाकीत प्राणवायूचा तुटवडा पडतो, उन्हाळ्यात तर लवकरच. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. त्या वेळेत दाणे घालू नका.

शेवटची विनंती. नको झालेला मासा नदीत, तळ्यात, विसर्जन घाटावर, कुणाच्या शेततळ्यात सोडू नका. 'मारण्यापेक्षा सोडला तर जगेल' हे खरं आहे, आणि म्हणूनच सोडू नका. चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली गेली; आज ती कुठल्या धरणात नाही ते सांगणं अवघड आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला, आणि पुढे तिथल्या शेकड्याने सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या. हौशी टाक्यांतून बाहेर पडलेला सकर आज पूर्व कोलकात्याच्या मत्स्यतळ्यांत जाळ्यात येतो, आणि विकला जात नाही. मासा नको असेल तर दुकानदाराला द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, फुकट द्या.

आणि घेतानाच हिशेब करा. नीट सांभाळलेला ऑस्कर दहा-बारा वर्षं जगतो. आज हट्ट करणारी मुलगी पहिलीत असेल, तर ती दहावीला बसेल तेव्हाही त्याचं पाणी दर आठवड्याला कुणीतरी बदलत असेल, आणि ते बहुधा तुम्हीच असाल.